वाचकांचे प्रश्न : संतांचे गुरू

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे गुरूविषयी आहेत. त्यांतील पुष्कळ प्रश्न एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे चार निवडक पत्रांना येथे सलग उत्तर दिले आहे.

प्रश्न : नामदेवांशी विठ्ठल प्रत्यक्ष बोलत असे, त्यांच्या हातचा नैवेद्य खात असे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग त्यांना विसोबा खेचरांना गुरू करण्याची गरज का पडली? ही कथा मागाहून रचलेली असावी का?

कथा सर्वपरिचित आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाका मडकी तपासण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारू लागले. इतर सर्व जण स्वस्थ बसले, नामदेव मात्र चिडले, आणि त्यावरून 'हे मडके कच्चे' असा निवाडा झाला. रागाने पंढरीला परतलेल्या नामदेवांना विठ्ठलानेच विसोबांकडे पाठवले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. 'पाय काढा' म्हणताच त्यांनी 'जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव' असे उत्तर दिले. नामदेव पाय उचलून जिथे ठेवू लागले, तिथे तिथे लिंग उमटत गेले.

थापटण्याचा प्रसंग जसाच्या तसा घडला, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात महिपतींनी 'भक्तविजया'त संतांच्या अशा कथा रसाळ रीतीने सांगितल्या आणि कीर्तनकारांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. त्यातच नामदेवांच्या गाथेत 'नामा' ही मुद्रा (अभंगाच्या शेवटी येणारे कवीचे नाव) असलेल्या निरनिराळ्या काळांतील कवींची रचना मिसळली असल्यामुळे केवळ गाथेच्या आधारे निर्णय करणे जोखमीचे ठरते. तथापि विसोबांनी नामदेवांना जे शिकवले असे ही कथा सांगते, त्याला एक स्वतंत्र आणि जुना पुरावा आहे, तो महाराष्ट्राबाहेरचा. शिखांच्या 'गुरू ग्रंथसाहिबा'त नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ साली, म्हणजे महिपतींच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, पूर्ण झाले होते. त्यांतील एका पदात नामदेव म्हणतात, 'ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही', म्हणजे इकडेही विठ्ठल, तिकडेही विठ्ठल, विठ्ठलावाचून जग म्हणून काही नाहीच. पाय ठेवायला देवावाचून रिकामी जागा न सापडलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. गोरोबांचे थापटणे बाजूला ठेवले तरी चालेल, पण पंढरीच्या मूर्तीपुरता असलेला देव चराचरात दिसू लागणे हा नामदेवांच्या आयुष्यातील खरा पालट आहे आणि त्याचे श्रेय परंपरा विसोबांना देते. नामदेवांनी विठ्ठलाचे नाव मात्र सोडले नाही, पंजाबातही नाही, हे त्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : तुकोबांना स्वप्नात गुरुपदेश झाला असे सांगतात. जे स्वप्नात घडले त्याला दीक्षा म्हणावे का? आणि तुकोबांसारखा परखड संत अशा गोष्टीवर विश्वास कसा ठेवतो?

या प्रसंगाबाबत आपले भाग्य असे, की चरित्रकारांवर अवलंबून राहावे लागत नाही, कारण तुकोबांनी स्वतःच तो एका अभंगात सांगून ठेवला आहे. हा अभंग अवश्य वाचावा. त्यात चमत्काराचा थाट मुळीच नाही. प्रारंभच मुळी खंत व्यक्त करून होतो : 'सत्य गुरुरायें कृपा मज केली, परी नाहीं घडली सेवा कांहीं'. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले आणि त्यांनी मस्तकावर हात ठेवला. पुढचे चरण तर असे आहे, की कोणी कथा रचायला बसला असता तर त्याला ते सुचलेच नसते : 'भोजना मागती तूप पावशेर, पडिला विसर स्वप्नामाजी'. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि शिष्य ते द्यायला विसरला! मग काही अडचण उपजली आणि गुरूंनी निघण्याची घाई केली, असे तुकोबा हळहळून सांगतात. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण गुरूंनी सांगितली, आपले नाव बाबाजी सांगितले, 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला, आणि हे सारे माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी घडले. वर्ष दिलेले नसल्यामुळे तिथी आणि वार यांचा मेळ घालून अभ्यासकांनी निरनिराळी वर्षे सुचवली आहेत. वारकरी मात्र माघ शुद्ध दशमी हा तुकोबांचा अनुग्रहदिन म्हणून आजही पाळतात.

बाबाजी हे चैतन्य परंपरेतील सत्पुरुष होते, आणि तुकोबांनी त्यांची प्रत्यक्ष सेवा केल्याचा उल्लेख कुठेच नाही. तुपाची आठवण म्हणूनच बोचते, कारण जी एकमेव सेवा मागितली गेली तीही राहून गेली. या उपदेशाने तुकोबांना अधिकार किंवा गादी मिळाली नाही. मिळाला तो मंत्र, आणि तोही असा की जो कीर्तनात हजारो लोक उघड म्हणतात. आणखी एका अभंगात ते दुसरे स्वप्न सांगतात, त्यात नामदेव पांडुरंगासह येऊन त्यांना जागे करतात आणि कवित्व करण्याचे काम नेमून देतात. मंत्र एका स्वप्नात मिळाला, काम दुसऱ्या स्वप्नात. या दोन्ही अभंगांचा सूर फुशारकीचा नसून आपण कोणाचे तरी देणे लागतो असे मानणाऱ्या माणसाचा आहे, म्हणून तो मला विश्वसनीय वाटतो.

याच परंपरेतील पुढचे उदाहरण बहिणाबाईंचे आहे. (अहिराणी-लेवा बोलीतील ओव्या रचणाऱ्या विसाव्या शतकातील बहिणाबाई चौधरी या वेगळ्या, येथे उल्लेख आहे तो १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंचा.) लहानपणीच त्यांचे लग्न वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाले. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि त्यांना ध्यास लागला. आपल्याला तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला, असे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहिले आहे. त्या वेळी तुकोबा देहूत हयात होते, आणि पुढे बहिणाबाई तेथे जाऊन त्यांना भेटल्याही. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या वाण्याला गुरू मानावे हे त्यांच्या पतीला सहन झाले नाही, मारहाणही झाली. बहिणाबाईंनी ती लपवून ठेवली नाही, आणि गुरूही बदलला नाही. स्वप्नातील उपदेशाला दीक्षा म्हणावे का, असे आपण विचारले आहे. बहिणाबाईंनी त्यासाठी जे सोसले ते पाहता या प्रश्नाचे उत्तर शास्त्रार्थाच्या चर्चेत शोधण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : माळ घातली म्हणजे गुरू केला, असे होते का?

वारकऱ्यांत तुळशीची माळ एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या किंवा फडकऱ्याच्या (वारकऱ्यांच्या फडाच्या, म्हणजे गटाच्या प्रमुखाच्या) हातून, बहुधा पंढरपुरात वा आळंदीत, घातली जाते. तिच्याबरोबर येतात ती व्रते : पंढरीची वारी, एकादशीचा उपवास, मांस व मद्य यांचा त्याग, हरिपाठ. ज्याने माळ घातली त्याच्याविषयी आदर राहतो, परंतु व्यक्तिपूजेचे बंधन त्यातून निर्माण होत नाही.

प्रश्न : आमच्या घरातील एक व्यक्ती एका महाराजांच्या नादी लागली आहे. ते हातातून वस्तू काढून दाखवतात, भविष्य सांगतात. आम्ही विरोध केला तर 'संतांनीच सांगितले आहे, गुरूवाचून मोक्ष नाही' असे उत्तर मिळते. संत याविषयी काय म्हणतात?

गुरूवाचून मार्ग नाही असे संतांनी म्हटले आहे, हे खरे आहे. त्यापासून सुटका नाही. ज्ञानदेवांनी तर आपल्या थोरल्या भावालाच गुरू मानले आणि 'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची परंपरा मोठ्या आदराने सांगितली. परंतु गुरू कोणाला म्हणू नये, हेही याच परंपरेने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. आपण 'दासबोधा'च्या पाचव्या दशकातील दुसरा समास घरात सर्वांसमक्ष वाचावा, असे मी सुचवेन. समर्थ रामदासांनी तो आपल्या या प्रश्नासाठीच लिहिला असावा, असे वाटेल. पहिल्याच ओवीत ते म्हणतात, 'जे करामती दाखविती, तेहि गुरु म्हणिजेती, परंतु सद्गुरु नव्हेती, मोक्षदाते'. करामत दाखवणाऱ्याला लोक गुरू म्हणतात, हे ते नाकारत नाहीत. मोक्षाशी त्याचा संबंध मात्र तोडून टाकतात. पुढे त्यांचा संताप आवरत नाही : 'शिष्यास न लविती साधन, न करविती इंद्रियेंदमन, ऐसे गुरु आडक्याचे तीन, मिळाले तरी त्यजावे'. आडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे. तेवढ्यात तीन मिळत असले तरी असे गुरू टाकून द्यावेत. यातील कसोटी लक्षात घ्या. या महाराजांनी आपल्या घरातील व्यक्तीला कोणते साधन करायला लावले, आणि त्यामुळे तिचा राग, लोभ, हट्ट यांत काही फरक पडला का, एवढेच विचारायचे आहे.

तुकोबांचेही एक वचन त्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे : 'मेघवृष्टीनें करावा उपदेश, परि गुरुनें न करावा शिष्य, वांटा लाभे त्यास, केल्या अर्धकर्माचा'. पाऊस जसा सर्वांवर सारखा पडतो तसा उपदेश करावा, परंतु कोणाला शिष्य करून घेऊ नये, कारण शिष्याच्या कर्माचा अर्धा वाटा गुरूच्या माथी येतो. आपण ज्यांच्याविषयी लिहिले आहे, ते महाराज अनुयायांच्या कर्माचा असा वाटा उचलायला तयार आहेत का, हे त्यांनाच समोरासमोर विचारण्यास हरकत नाही.