आईची खुर्ची समोर ठेवून

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आठवड्यात, औषध घेत नाही म्हणून मी तिच्यावर ओरडले होते. तो आवाज अजून कानातून जात नाही. माझ्या समुपदेशक बाई सायकोड्रामाच्या, म्हणजे मनातला प्रसंग गटासमोर करून पाहण्याच्या उपचाराच्या, गटात ये म्हणतात. मला अभिनय येत नाही. चारचौघांत नाटक करून मन हलकं कसं होईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, अभिनय तिथे लागतच नाही. ही पद्धत घडवणारे डॉक्टर याकोब मोरेनो १९२१ साली व्हिएन्नात असं नाट्यगृह चालवू लागले, जिथे नटांना संहिताच नसायची. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९३६ साली त्यांनी बीकन गावी रुग्णालय काढलं आणि तिथे रंगमंचही बांधला. झालेला प्रसंग नुसता सांगू नका, आत्ता घडतोय असा करून दाखवा, एवढंच ते रुग्णाला म्हणत.

मी ही पद्धत शिकत असताना माझीही पाळी आली. माझ्या पदवीदान समारंभाला बाबा आले नव्हते, तो राग होता. गटातल्या एका गृहस्थांना मी बाबा म्हणून निवडलं आणि मनातलं सगळं बोलले. मग आमच्या शिक्षिका म्हणाल्या, ‘आता जागा बदला.’ मी बाबांच्या खुर्चीत बसले. समोरून ते गृहस्थ माझंच वाक्य मला म्हणाले, ‘तुम्ही का नाही आलात?’ माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. एसटीचा सहा तासांचा प्रवास आणि त्यांचे ते गुडघे! इतक्या वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. बाबा खरंच काय म्हणाले असते, ते मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवसापासून त्यांची आठवण आली की आधी राग येत नाही.

तुम्हालाही बहुधा आईच्या जागी बसवतील. तिथून तुमचं ओरडणं ऐकताना त्यातली धास्तीही ऐकू येईल, असं मला वाटतं. औषधासाठी ओरडणारी लेक घाबरलेली असते.

प्रसंग संपला की गट गोल करून बसतो. तेव्हा कुणी सल्ला देत नाही की चूक काढत नाही. ज्याला त्याला स्वतःचं काय आठवलं, तेवढंच तो सांगतो. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या वेळी एक आजोबा त्यांच्या मुलाच्या लग्नाबद्दल बोलले आणि मी प्रथमच मोकळी रडले.

जाण्याआधी बाईंना दोन गोष्टी नक्की विचारा : गट चालवणाऱ्याने या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का, आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या गटात जाऊ नका. झोप पार उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा, त्यात दिवस घालवू नका.

पहिल्या दिवशी नुसतं बसून पाहिलंत तरी चालेल. बघणाऱ्यांचीही तिथे गरज असते.