लिनक्ससाठी पहिला लेझर प्रिंटर घेताना

ब्रँडवरून डोकं शिणवू नका, आधी प्रिंटर कोणती भाषा बोलतो ते बघा. माहितीपत्रकात पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा एअरप्रिंट यांपैकी काही लिहिलंय का? एअरप्रिंट हे नाव अ‍ॅपलचं असलं तरी फायदा आपलाच: असा प्रिंटर नेटवर्कवर आला की आजकालच्या लिनक्समधलं कप्स (छपाईचं काम सांभाळणारी प्रणाली) त्याला बहुधा आपोआप ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

नवखे लोक हमखास फसतात ते इथे:

- सर्वात स्वस्त मॉडेल उचलणं. त्यातले बरेच ‘जीडीआय’ किंवा ‘होस्ट-बेस्ड’ असतात. पान तयार करायचं काम संगणकावर ढकलतात आणि कंपनीच्याच ड्रायव्हरवर अडून बसतात.
- डब्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ वाचून निर्धास्त होणं. तो ड्रायव्हर बंदिस्त आणि फक्त इंटेल-एएमडीसाठी असेल तर रास्पबेरी पायवर (वेगळ्या, एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर) चालणार नाही.
- टोनरची किंमत न बघणं.

शक्यतो इथरनेट पोर्ट असलेला, साधा कृष्णधवल प्रिंटर घ्या. रंगीत म्हणजे चार टोनर, चौपट कटकट. पैसे देण्याआधी ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाच्या, लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या यादीत नेमका मॉडेल क्रमांक शोधा. एका अक्षराच्या फरकानेही आतलं यंत्र वेगळं निघू शकतं. स्कॅनर, फिनिशिंग (पानं स्टेपल करणं वगैरे) नंतर बघू.