ठिणगी नव्हती, तर इंजिन पेटायचं कसं?

प्रश्न : एका संग्रहालयात १८८० च्या सुमाराचं, गॅसवर चालणारं इंजिन पाहिलं. त्याला स्पार्क प्लग नव्हता. फलकावर लिहिलं होतं, ‘ज्योतीने प्रज्वलन’. सिलिंडर तर बंद असतो आणि आत गॅस दाबलेला. मग बाहेरची ज्योत आत शिरते कशी? आणि विझत कशी नाही?

उत्तर : नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. माझी उमेदीची सगळी वर्षं इंजिनं उघडण्यात गेली, पण या एका युक्तीचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ज्योत जुनी आणि ठिणगी नवी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात १८६० मध्ये पॅरिसला लन्वार यांनी बनवलेल्या गॅस इंजिनात विजेचीच ठिणगी होती. पण तेव्हाच्या बॅटऱ्यांचा भरवसा नव्हता. ठिणगी चुकली की इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे कारखाना बंद. कोलोनजवळच्या डॉइट्झ इथे निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांत एक आवर्तन पुरं करणारं, इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा त्यांनी ज्योतच पत्करली.

लन्वारच्या इंजिनात पेटवण्याआधी मिश्रण दाबलेलं नसे. ओटोच्या इंजिनात पिस्टन आधी ते दाबतो, मग ते पेटतं. ताकद त्यामुळेच वाढली आणि तुम्ही विचारलेली अडचणही त्यामुळेच आली. दाबलेल्या सिलिंडरला नुसतं भोक पाडून बाहेर दिवा धरला, तर आतून येणारा झोत तो फुंकरीसारखा विझवणार.

ओटोने तिथे सरकती झडप बसवली. सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगांनी घट्ट दाबून धरलेली एक सपाट पट्टी पुढे-मागे सरकते. पट्टीत छोटा खण असतो आणि खणात थोडा गॅस. बाहेर एक दिवा सतत जळत असतो. खण दिव्यासमोर आला की त्यातला गॅस पेटतो. पट्टी पुढे सरकते आणि खणाचं बाहेरचं तोंड मिटतं. आता पेटलेला खण दोन्ही बाजूंनी बंद आहे. एवढ्यात एका बारीक छिद्रातून सिलिंडरमधलं दाबलेलं मिश्रण हळूच खणात शिरतं आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. मगच मोठं तोंड उघडतं. दाबात फरकच उरला नाही, तर झोत कुठून येणार? ज्योत निवांत आत जाते आणि मिश्रण पेटतं. त्या धडाक्यात खणातली ज्योत विझते, पण बाहेरचा दिवा शाबूत असतो. पुढच्या खेपेला पुन्हा तोच पेटवतो. गाभाऱ्यातल्या समईवरून निरांजन लावावं, तसं.

ही ने-आण सावकाशच होणार. म्हणून ही इंजिनं मिनिटाला दीडदोनशे फेऱ्यांच्या आसपासच फिरत. मोटारीसाठी एवढा वेग अपुरा होता. डाइमलर यांनी १८८३ मध्ये तापलेली नळी वापरली आणि वेग सहाशेच्या पुढे नेला. एका टोकाला बंद असलेली ही नळी दुसऱ्या टोकाला सिलिंडरमध्ये उघडते. बाहेरून बर्नर तिला लाल ठेवतो. नळीत आधीच्या फेरीतला जळका वायू अडकलेला असतो. पिस्टन दाब देऊ लागला की ताजं मिश्रण त्याला मागे रेटत नळीत शिरतं, तापलेल्या भागाला भिडतं आणि पेटतं.

असं नळीचं एक इंजिन माझ्या एका मित्राने जपलंय. ते मी कितीदा तरी सुरू केलंय. नळी चेरीसारखी लाल झाल्याशिवाय फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, हात लावायचा नाही. ती पुरेशी तापलेली नसेल, तर चाक कितीही फिरवा, इंजिन नुसतं ‘फुस्स फुस्स’ करतं. एकदा मी बर्नर सिलिंडरच्या दिशेने बोटभर जास्त सरकवला. पिस्टन वर पोचायच्या आधीच मिश्रण पेटलं आणि चाक उलटं उसळलं. मनगट आठवडाभर सुजलं होतं. टायमिंग म्हणजे काय, ते त्या दिवशी हाताला कळलं.

पुढे ठिणगी परत आली. बेन्झ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीत ठिणगीसाठी कॉइल (विजेचा दाब वाढवणारं वेटोळं) आणि बॅटरीच होती. १९०२ मध्ये बॉश कंपनीचा उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय, चुंबकाच्या मदतीने ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग आला, आणि नळीचे दिवस भरत आले.

पुन्हा त्या संग्रहालयात गेलात, तर सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी एखादं छोटं धुराडं दिसतंय का, ते पाहा. दिवा त्यातच जळत असे.