चाळीस मुलं, एक दिवस: पुण्यात काय काय दाखवता येईल?

तुमची यादी वाचली: सोलापूरहून कॉलेजची चाळीस मुलं, हातात एकच दिवस, आणि त्यात सिंहगड, शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, शिवाय एफसी रोडवर खरेदी. सिंहगड आत्ताच काढून टाका. गड चढून-उतरून शहरात येईस्तोवर दिवस मावळतो.

मी इथे ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, दरवर्षी पोरं घेऊन पेठांतून फिरते. पेठांत बस घालू नका, एवढं माझं ऐका. मुलांना स्वारगेटला उतरवा आणि मेट्रोने कसबा पेठ गाठा. मंडईनंतरचंच स्टेशन आहे. खेड्यातल्या मुलांना तर मेट्रोचंच अप्रूप जास्त असतं, ते असू द्या.

आधी सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. कमला नेहरू हॉस्पिटलजवळ विचारलंत तर कुणीही सांगेल. १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडातलं देऊळ. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. पण मुलांना दर्शनी भिंतीपाशीच थांबवा. तिथे गोरे शिपाई गेंड्याला साखळदंड घालताहेत असं शिल्प आहे. पुण्यात गेंडा कुठून आला? प्लासीची लढाई १७५७ची, गेंड्यांचा मुलूख असलेला बंगाल इंग्रजांच्या घशात गेला, त्यावरची ही टिप्पणी असावी असं काही अभ्यासक मानतात. पोरांना आधी तर्क लढवू द्या, उत्तर लगेच सांगून टाकू नका.

तिथून चालत कसबा गणपती, लाल महाल (आत्ताची इमारत महापालिकेने बांधलेली आहे हे सांगून टाका) आणि शनिवारवाडा. १८२८च्या आगीनंतर आत जोती, कारंजी आणि हिरवळच उरली, त्यामुळे खरा वेळ दिल्ली दरवाजापाशी द्या. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून आहेत. 'काका मला वाचवा' ओरडणारा एक तरी कार्टा प्रत्येक ग्रुपमध्ये निघतोच, त्याला ओरडू द्या.

पुढे दगडूशेठ. सगळे मंदिराकडे तोंड करून हात जोडतात. तुम्ही समोरच्या बाजूची भिडेवाड्याची जागा दाखवा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. मूळ वाडा २०२३च्या शेवटी पाडला, स्मारकासाठी.

जेवण मंडईच्या आसपास, आधी फोन करून ठेवलेल्या खाणावळीत. चाळीस पानं आयत्या वेळी कुणी वाढत नाही.

दुपारी केळकर संग्रहालय. सगळी दालनं बघायचा हट्ट नको. पाच-पाचचे गट करा, प्रत्येकाने एक अडकित्ता किंवा एक वजरी (पाय घासायची) निवडून तिचं चित्र काढायचं. मोबाईल आपोआप खिशात जातो.

आगाखान पॅलेस फारच मनात असेल तर केळकर गाळा, दोन्ही होत नाहीत. खरेदीला एफसी रोड कशाला, तुळशीबाग वाटेतच आहे. पण तिथे शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर डोकी मोजा.

आणि गणपतीच्या दहा दिवसांत हा बेत आखू नका, या भागातले बरेच रस्ते गाड्यांना बंद असतात आणि गर्दीत चाळीस जण एकत्र राहत नाहीत.