‘ठिव’ म्हणालेलं पोर आणि नीटची तिसरी बॅच

कसबा बावड्याहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते सुपरवायझर आहेत. मुलगी बारावी सायन्स, 78 टक्के. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी कॉलेजाच्या जवळपासही मार्क गेले नाहीत. मध्येच असं कळलं, की पोरगी क्लासला दांडी मारून सकाळी आत्याच्या अंगणवाडीत जाऊन बसायची. आता ती म्हणते, मला लहान मुलांचंच शिक्षण घ्यायचंय. वडील विचारतात : तिसऱ्या प्रयत्नासाठी बॅच कोल्हापुरातली बरी, की लातूरला ठेवू? आणि ‘शेंबडी पोरं सांभाळायचं खूळ’ तिच्या डोक्यातून कसं काढू?

दादा, बॅचचं उत्तर आधी देऊन टाकते. कुठलीच नको.

आता पत्रातल्या त्या जागेकडे येते, जिथं माझी नजर अडकली. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, की तीन आठवडे तुम्ही तिच्याशी बोललेला नाही. मोबाइल काढून घेतलाय. तिची आई ताट खोलीत नेऊन देते आणि अर्धी भाकरी तशीच परत येते. पुढं एकच शब्द : ‘नाटकं’. हे सगळं दोन ओळींत आटोपून तुम्ही लगेच क्लासच्या फीवर आलात. मला मात्र त्या दोन ओळींच्या पुढं जाता येईना. एकोणीस वर्षांची पोर दोनदा नापास झाल्यासारखं तोंड लपवते, जेवण टाकते, आणि ज्या बापाच्या तोंडाकडे बघायचं तोच तोंड फिरवून बसलाय. घरातला अबोला शिस्त लावत नाही, दादा. त्यातून पोरीला एवढंच कळतं, की आपली किंमत मार्कांएवढीच होती. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल, मला ठाऊक आहे. भट्टीच्या धगीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या लेकीनं गार खोलीत खुर्चीवर बसावं असं वाटणारच. पण हे तिला कुणी सांगितलंय का? आज रात्री मोबाइल परत द्या आणि ताट घेऊन तुम्ही स्वतः आत जा. परीक्षेचा विषय काढू नका. आठवडाभरात जेवण-झोप सुधारली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबरही आहे, तिथं मराठीत बोलता येतं. हे सगळं करिअरच्या आधी.

तिचीही एक चूक आहे, तिला वाचून दाखवा : फी तुम्ही भरली होती, लपवायला नको होतं.

आता चौथं पान. तिथं तुम्ही चेष्टेनं एक किस्सा लिहिलाय. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातलं एक पोर हंगामात त्या अंगणवाडीत यायचं, महिनाभर एक शब्द बोललं नाही. ही रोज त्याच्याशेजारी फतकल मारून बसायची आणि डब्यांची झाकणं ओळीनं मांडत राहायची. एक दिवस पोरानं एक झाकण उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हणालं, ‘ठिव.’ त्यावर ही घरी येऊन रडली. ‘आता सांगा मॅडम, यात कसलं करिअर?’

सांगते. आईबाप अंधारातच फडात गेलेले, मुलूख नवा, बोलीही वेगळी. अशा पोरापुढं मोठी माणसं काय करतात? नाव काय तुझं, हे कुठलं चित्र, म्हण बघू क कमळाचा. प्रश्नावर प्रश्न. भेदरलेल्या मुलाला प्रत्येक प्रश्न परीक्षाच वाटतो आणि ते आणखी आत जातं. तुमच्या लेकीनं प्रश्नच विचारला नाही. ती त्याच्या उंचीवर बसली, हाताला काहीतरी काम दिसेल असं केलं आणि वाट बघितली. महिनाभर. कुणी शिकवलं नसताना. बालशिक्षणाची पदवी घेतलेल्यांनाही हे पटकन जमत नाही.

‘लहान पोरांना काय, कुणीही सांभाळेल’ हा तुमचा समज एकट्या तुमचा नाही, शहरातल्या निम्म्या नर्सऱ्या त्याच्यावरच चालतात. म्हणून तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात, आणि त्या वयात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच, म्हणजे मऊच असतात. त्या हाताला आधी माती मळू दे, मणी ओवू दे, पाणी ओतू दे. ज्याला हे ठाऊक नाही तो रेघ वाकडी आली म्हणून रागावतो आणि पोराला पहिल्याच वर्षी शाळा नकोशी होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणूनच त्यात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय. आणि ‘शिकलेल्या बाईचं काम नव्हे’ म्हणता, तर ताराबाई मोडक पदवीधर होत्या, राजकोटला महिलांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणात गेल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, असं म्हणून अंगणवाडी उभी राहिली. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तुमच्या बहिणीच्या खोलीवर आज ‘अंगणवाडी’ हाच शब्द लिहिलेला आहे. आपल्या गावाचं तर काय सांगू! शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला.

पैशाची तुमची भीती मात्र खरी आहे. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं, वेतनश्रेणी नाही. ते तुम्ही बहिणीकडे बघताच आहात. खासगी नर्सरीत सुरुवातीला जे मिळतं त्यात तिचा बसचा पास आणि चहापाणीच भागेल. म्हणून सहा महिन्यांचं कुठलंसं सर्टिफिकेट घेऊन तिनं या कामात उतरू नये, हे तिला माझं स्पष्ट सांगणं.

रस्ते थोडक्यात : मानसशास्त्र किंवा मानव विकास घेऊन पदवी, पुढं बी.एड. पदवीनंतर एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं. विशेष शिक्षणातलं, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं बी.एड. केलं, तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी मिळते.

पण तिच्यासाठी मी बोट ठेवेन ते दुसऱ्याच वाटेवर. पोर बोलत नाही, तेव्हा ते बुजलंय, त्याला ऐकू कमी येतंय, की भाषाच उशिरा उमलतेय, हे ओळखणारा माणूस लागतो. त्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, बी.ए.एस.एल.पी., वाचा आणि श्रवण उपचारांचा. तिची बायोलॉजी इथं कामी येते, दोन वर्षांचं पाठांतर वाया जात नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दोन्ही केंद्र सरकारच्या. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, यंदाचे त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. दवाखान्यात, शाळेत, स्वतःच्या केंद्रात, तिन्हीकडे काम आहे. तिला हेच हवं असेल असं मी गृहीत धरत नाही. विचारा.

आणखी एक. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यानं पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं, आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. तुमच्या कारखान्यात आहे का, बघा. असेल, तर तिथं पोरांजवळ कोण बसतं, तेही बघा.

पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. अर्धा दिवस रजा टाका आणि एका सकाळी लेकीबरोबर बहिणीच्या अंगणवाडीत जा. खुर्ची मागू नका, खाली सतरंजीवर बसा. फी भरायची शेवटची तारीख तुम्ही पत्रात दोनदा लिहिलीय. ती जाऊ द्या.