गाय गाभडली, तर जनावरांचे डॉक्टर घरच्यांच्या तापाची चौकशी का करतात?

तुमची गाय सातव्या महिन्यात गाभडली, जार (वार) अडकला आणि डॉक्टरांनी घरात कोणाला ताप आहे का विचारलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे डॉक्टरांना ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या जंतुजन्य रोगाची शंका आहे. हा रोग गोठ्यातून घरात येतो, म्हणून त्यांनी तापाचं विचारलं.

माणसात तो पटकन ओळखू येत नाही, हीच खरी अडचण. ताप चढतो-उतरतो, रात्री घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात, पुरुषांत कधी वृषण सुजतं. टायफॉइड समजून आठवडाभर गोळ्या होतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा ताप. याला बहुधा दोन प्रतिजैविकं मिळून सुमारे 6 आठवडे लागतात. मधेच सोडली की रोग उलटतो. घरात कोणी तापाने असेल, तर "गाय गाभडली होती, जार हाताने काढला" हे माणसांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पडलेलं वासरू, जार, भिजलेला पेंढा उघड्या हाताने उचलू नका. उकिरड्यावर तर नकोच, कुत्री ओढत शेजारच्या गोठ्यात नेतात. खोल खड्डा, वर चुना, मग माती. गाय वेगळी बांधा, गरोदर बाईला तिच्याजवळ जाऊ देऊ नका. दूध उकळूनच घ्या, धारोष्ण बंद.

गाईच्या तपासणीत तिच्या रक्तातल्या सीरमचा (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा) थेंब गुलाबी अँटिजेनच्या (मेलेल्या जंतूंच्या द्रावाच्या) थेंबात मिसळतात; 4 मिनिटांत कण जमले तर पॉझिटिव्ह. गाभडल्यावर लगेच निगेटिव्ह आली, तरी 3 आठवड्यांनी पुन्हा करून घ्या.

बाधित गाईवर खात्रीचा उपचार नाही. पुढचं वेत बहुतेक वेळा सुरळीत होतं आणि लोक निर्धास्त होतात, पण दुधातून आणि विताना जंतू पडतच राहतात. ती बाजारात विकली, तर रोगच विकला.

म्हणून सगळा भर लसीवर. एस-19 ही लस कालवडीला किंवा पारडीला 4 ते 8 महिने वयात, आयुष्यात एकदाच. केंद्राच्या कार्यक्रमात ती 2019 पासून मोफत आहे. खोंडाला आणि गाभण जनावराला देत नाहीत. वय उलटल्यावर टोचली, तर नंतर तपासणी पॉझिटिव्ह येते आणि ती लसीमुळे की रोगामुळे, हे सांगणं अवघड होतं. लस जिवंत जंतूंची आहे, तेव्हा कालवड घट्ट धरा. धरणाऱ्याला चुकून सुई लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लसीचं नाव सांगा.