हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात निवासी कोर्सला येणार असशील, तर पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी खोलीचं दार उघडं ठेव. बंद दार माणसं दुसऱ्यांदा ठोठावत नाहीत. मेसमध्ये रोज वेगळ्या टेबलावर बस. गाववाल्यांचा घोळका एकदा जमला की फुटत नाही.

रविवारी मिसळीला चौघंच जा. दहाजण झाले की दोन टेबलं होतात आणि नवखा नेमका कडेला पडतो. इथं मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड येतो. कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घे, झेपेल तेवढाच ओत. पैसे तिथल्या तिथं वाटून टाका, उधारी राहिली की माणूस तोंड चुकवतो.

अबोल रूममेटला रंकाळा तलावावर चालायला ने. शेजारून चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, तो आपसूक बोलू लागतो.